मानेवाड्याचं जुनं घर दुरुस्त करायचंय, भरवशाचा मिस्त्री-ठेकेदार शोधायचा कसा?

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आईबाबांचं घर नागपुरात मानेवाड्याला आहे, १९९६ चं बांधकाम, वरच्या दोन खोल्या बाबांनी नंतर चढवल्या. दर पावसाळ्यात वरच्या बेडरूमला ओल येते, पोपडे निघतात, बाबा दर दिवाळीला तिथे पुट्टी मारून रंग देऊन घेतात आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. यावेळी ठरवलंय की एकदाच काय ते नीट करून टाकू, म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दोन्ही बाथरूम फोडून नवीन, किचनचा ओटा न ट्रॉल्या, आणि वायरिंग पण, कारण वर एसी लावायचाय.

अडचण एकच, माणूस कोण धरायचा? मी आणि नवरा दोघंही मिहानला नोकरीला, सकाळी निघालो की संध्याकाळीच घरी. घरी फक्त आई आणि बाबा, बाबा सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांना समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. काही जणांना बोलावून दाखवलं. एकाने गच्चीवर न जाताच सगळ्याचे ४ लाख ८० हजार सांगितले आणि अर्धे आधी मागितले. दुसऱ्याने २ लाख ९०, "सगळं आलं त्याच्यात" म्हणे, पण कागदावर एक अक्षर नाही. अजून एक जण आला, गच्चीवर बराच वेळ फिरला, दोन दिवसांनी सांगतो म्हणून गेला तो गेलाच. बाजूच्या काकूंकडे मागच्या वर्षी एक ठेकेदार बाथरूम अर्धवट फोडून महिनाभर गायब झाला होता, त्यामुळे आईने तर हायच खाल्ली आहे.

तर सांगा, सगळं एकाच ठेकेदाराला द्यावं की मिस्त्री, प्लंबर, इलेक्ट्रिशियन वेगवेगळे? मटेरियल आपण आणायचं का? अ‍ॅडव्हान्स किती द्यायचा? आणि मुळात चांगला माणूस ओळखायचा कशावरून, कारण बोलायला तर सगळेच गोड असतात. आता मार्च चालू आहे, पावसाच्या आधी गच्ची तरी व्हावी.


तर्रीपोहे

ताई, पयले तं तो अर्धे पैसे आधी मागणारा यादीतून काढून टाका. गच्चीवर न चढता ज्याने भाव सांगितला त्याने तुमचं घर नाही पाहिलं, तुमचा एरिया आणि गाडी पाहून रेट सांगितला. आणि अर्धे पैसे एकदा हातात गेले का तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये मागं मागं जाते, मग तो तिकडं बेसाला दुसऱ्याचं काम धरून राहते आणि तुम्ही फोन करून राहता.

माणूस शोधायची माझी पद्धत सांगतो. तुमच्याच लेआउटमध्ये संध्याकाळी एक चक्कर मारा, कोणाच्या घरी दोन-तीन वर्षांपूर्वी काम झालं ते गल्लीतल्या लोकांना बरोबर माहीत असते. दोन-तीन वर्षांपूर्वीचं म्हणतोय, मागच्या महिन्यातलं नाही. नवीन काम कोणाचंही चकाचक दिसते, दोन पावसाळे झेललेलं दाखव म्हणा. बेल वाजवा, आपण नागपुरात आहोत, चहा पाजून बाथरूम दाखवतील लोकं. आणि त्यांना "काम कसं झालं" असं नका विचारू, सगळे चांगलंच म्हणते. विचारा का काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा बोलावलं तं आला का. त्यात माणूस कळते.

दुसरं, हार्डवेअरचं दुकान. मोठ्या शोरूमचं नाही, तुमच्या चौकातलं, जिथं सकाळी साडेनऊला मिस्त्री न प्लंबर सामान न्यायला उभे असते. दुकानदाराला माहीत असते कोणाची उधारी चालू आहे, कोण वेळेवर पैसे देते आणि कोणाचा माल दर आठवड्याला वापस येते. हां, तो आपल्या जवळच्याचंच नाव सांगणार, तेवढं धरून चाला.

ठिय्यावरून, म्हणजे सकाळी मजूर उभे राहते त्या चौकातून, माणूस आणायचा तं फक्त फोडायला न मलबा उचलायला आणा. तिथं चांगले कारागीर नसते असं नाही, पण सकाळच्या घाईत तुम्ही ओळखणार कसे.

आणि काकूंवाला तो गायब ठेकेदार, त्याच्यासाठी आपली तान्ह्या पोळ्याला पिडा घालवायची आरोळीच बरी, घेऊन जा गे मारबत!


निवृत्त_ओव्हरसियर

ठेकेदार नंतर शोधा, आधी रोग शोधा. आयुष्य बांधकामावर गेलं माझं, म्हणून सांगतो, घरदुरुस्तीत निम्मा पैसा चुकीच्या जागी खर्च होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तुमच्या बेडरूमला ओल नेमकी कुठे येते? छताच्या मध्यभागी, भिंत आणि छत जुळते तिथे, की खिडकीखाली? आणि केव्हा येते, पहिल्याच जोरदार सरीनंतर की चार-पाच दिवसांची झड लागल्यावर? पहिल्या सरीतच पाणी दिसलं तर बहुतेक सरळ वाट आहे, म्हणजे भेग, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाचा सांधा, किंवा पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड. झडीनंतर येत असेल तर जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, पाणी पिऊन बसला आहे आणि हळूहळू खाली सोडतो आहे. आणि खिडकीखाली असेल आणि मे महिन्यातही दिसत असेल तर गच्चीचा संबंधच नाही, तो तुमचा कूलर आहे. हसू नका. आपल्याकडे मार्च ते जून कूलर चालतो, टाकी भरून वाहते, स्टँडजवळून पाणी भिंतीत मुरतं, आणि लोक गच्चीवर हजारो रुपयांचं केमिकल ओतून बसतात. जो माणूस घरात आल्यावर हे प्रश्न तुम्हाला विचारतो तो कामाचा. जो वर गेल्याबरोबर कंपनीचं नाव आणि दहा वर्षांची गॅरंटी सांगायला लागतो, त्याला म्हणावं गॅरंटी कोण देणार, कंपनी की तू, आणि कागद कुठे आहे.

तुमच्या भागात काळी माती आहे, त्यामुळे भिंतींना भेगा असतील तर त्या वेगळ्या बघा. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते, भेग उघडते-मिटते. ती पुट्टीने कधीच थांबत नाही. भेग तिरपी असेल, दाराच्या-खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वाढत असेल, तर ठेकेदाराला विचारू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा पैसे देऊन दाखवा. खोल्या नंतर चढवल्या आहेत म्हणता, म्हणून मुद्दाम लिहितो. स्वयंपाकघर मोठं दिसावं म्हणून मधली भिंत पाडू असं कोणी सुचवलं तर त्याच इंजिनीअरला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

रोग कळला की कामाची यादी स्वतः लिहून काढा. गच्ची एवढे चौरस फूट, जुना कोबा काढायचा की ठेवायचा, नवीन कोबा किती जाडीचा, कडेला गोलाई म्हणजे वाटा करायचा, पाइपाचं तोंड नवीन, बाथरूमच्या टाइल कुठल्या उंचीपर्यंत, मलबा कोण उचलणार. हीच यादी सगळ्यांना द्या आणि तिच्यावरच भाव मागा. आत्ता तुमच्याकडे ४ लाख ८० आणि २ लाख ९० असे दोन आकडे आहेत, पण ते एकाच कामाचे नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना होऊच शकत नाही.

वेळेचं म्हणाल तर गच्ची एप्रिलच्या मध्यापर्यंत उरका. पाऊस जूनच्या मध्यावर येतो म्हणून लोक मे अखेरीस सुरू करतात आणि फसतात. नवतपाच्या उन्हात सिमेंटमधलं पाणी उडून जातं, वर बारीक भेगांची जाळी पडते. कोब्यावर विटांचे किंवा मातीचे आळे करून किमान सात दिवस पाणी साठवून ठेवायचं असतं, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा दिवस. आता तुम्हीच बघा, मे महिन्यात तुमच्या बोअरला एवढं पाणी असतं का? नसेल तर टँकरचा खर्च आधीच धरा. पाणी मारायचं काम कोणाचं, हेही यादीत लिहा, कारण मिस्त्री संध्याकाळी पाच-साडेपाचला निघून जातो आणि मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.


लोखंडीतवा

ओव्हरसियर काकांशी सहमत, फक्त एवढंच की प्रत्येकाला यादी लिहिणं जमत नाही हो, आम्हाला तर "वाटा" म्हणजे काय तेच माहीत नव्हतं 😄

आम्ही खामल्याला फ्लॅटचं किचन न बाथरूम केलं तेव्हा लेबर रेटवर केलं, म्हणजे मटेरियल आमचं, मजुरी त्यांची. फायदा हा की काय लागतंय ते डोळ्यासमोर, तोटा हा की "ताई दोन पोती सिमेंट कमी पडलं", "ताई एल्बो पाहिजे" असं दिवसभर. तुम्ही दोघं घरी नसाल तर बाबांची फार धावपळ होईल. मी तुमच्या जागी असते तर सिमेंट, रेती, पाइपांची किरकोळ फिटिंग हे ठेकेदाराच्या अंगावर टाकलं असतं आणि जे दिसतं आणि जे महाग आहे ते स्वतः घेतलं असतं, म्हणजे टाइल, नळ, प्लायवूड, वायर. ब्रँड न ग्रेड मात्र त्याच्या मटेरियलचाही लिहून घ्यायचा.

प्लायचं जरा सविस्तर सांगते कारण तिथे आमचं डोकं पिकलं होतं. ओट्याखाली, सिंकजवळ, फक्त आयएस ७१० चा शिक्का असलेला घ्या, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा, मानकात ७२ तास उकळून बघतात त्याला. एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, असं लिहिलेला प्लाय कपाटाला ठीक, सिंकखाली नको. सुतार म्हणेल "दोन्ही सारखेच आहेत, उगाच पैसे नका घालवू". मी एका शीटचा कापलेला तुकडा कुकरमध्ये टाकून चांगला तासभर शिजवला, सासूबाई बघतच राहिल्या. थर सुटले नाहीत तेव्हा बाकीचा माल आणवला. लकडगंजला गेलात तर शीटवरचा शिक्का प्रत्येक शीटवर पाहा, वरच्या एकावर पाहून गाडी भरू नका. आणि उधईची ट्रीटमेंट ट्रॉल्या बसायच्या आधी, भिंत मोकळी असताना, नंतर काही उपयोग नाही.

बाथरूममध्ये टाइल लागायच्या आधी दोन गोष्टी करून घेतल्याशिवाय मिस्त्रीला पुढे जाऊच देऊ नका. एक, पाइपांची प्रेशर टेस्ट. प्लंबरकडे हातपंप असतो, सगळी तोंडं बंद करून प्रेशर भरायचं आणि रात्रभर ठेवायचं, सकाळी काटा तिथेच पाहिजे. दुसरं, वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बंद करून पाणी भरून ठेवायचं, ४८ तास, भिंतीवर पेन्सिलने खूण करून, आणि खालच्या खोलीचं छत बघायचं. तुमच्याकडे वर-खाली दोन्ही बाथरूम आहेत म्हणजे वरचं आधी करा. आमच्या प्लंबरने प्रेशर टेस्टला नाक मुरडलं, "इतकी वर्षं करतोय, कधी लीक नाही झालं". मी म्हटलं दादा मग अजून एकदा नाही होणार, लावा पंप. लावला. एका एल्बोतून थेंब थेंब येत होतं. त्याच्यावर टाइल बसली असती तर खालच्यांशी भांडण ठरलेलं होतं.

आणि पाइप झाकायच्या आधी भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढून ठेवा. नंतर गीझरचा खिळा ठोकताना देवाची आठवण येत नाही.

मलबा! हे कोणी सांगत नाही. रस्त्यावर टाकून ठेवला की मनपाचं उपद्रव शोध पथक येतं आणि दंड घरमालकाच्या नावाने फाटतो, ठेकेदाराच्या नाही. त्याच दिवशी गाडी लावून उचलायचा हे ठरवून घ्या.


मिस्त्रीचा_पोरगा

वाचून राहिलो केव्हाचा, म्हटलं आपलंही दोन शब्द. माझे वडील मिस्त्री, मी शिकून नोकरीला लागलो पण सुट्ट्यांमध्ये त्यांच्या हाताखाली रेती चाळलेली आहे. सगळे इथं ठेकेदार कसा फसवते तेच सांगून राहिले, थोडं दुसऱ्या बाजूनं पण पहा.

कमिशन असते, खोटं कशाला बोलू. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन निघते, प्लायवर सुताराचं असते, टाइलच्या दुकानात मिस्त्रीचं असते. तुम्ही स्वतः गेले तरी दुकानदार नंतर विचारते "मिस्त्री कोण आहे". ते पूर्ण बंद करायच्या मागं लागू नका, डोक्याला ताप होते. बिल तुमच्या नावानं घ्या, ग्रेड तुम्ही ठरवा, मग त्याला दोन पैसे सुटले तं सुटले, माल तं तुमचा बरोबर आला ना. आणि रेती आली तं गाडी खाली व्हायच्या आधी माप घ्या. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि रेतीची उंची फुटात मोजा, गुणाकार करा, शंभरने भागा. मधात ढीग न कडेला खोल अशी भरलेली असते, तं उंची कडेला पण मोजा. सिमेंटच्या पोत्यावर महिना-आठवडा छापलेला असते, तीन महिन्यांच्या वरचं असन तं वापस.

माणूस गायब काहून होते ते सांगतो. लहान ठेकेदाराजवळ स्वतःचं भांडवल नसते. तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून तो मागच्या साइटवरच्या मजुरांचा चुकारा करते, मग तुमच्यासाठी पैसे पाहिजे म्हणून तिसरं काम धरते. म्हणून अ‍ॅडव्हान्स मोठा देऊ नका हे बरोबर आहे, पण दिलाच नाही तं तो पण सुरू नाही करू शकत. दहा टक्के, फार तं पंधरा, आणि पुढं दर आठवड्याला जेवढं काम झालं तेवढ्याचा हिशोब करून द्या, आणि वेळेवर द्या. आठवड्याचा पैसा ज्या घरून नक्की येते त्या घरचं काम मिस्त्री सोडत नाही, हे मी आमच्या घरात पाहिलेलं आहे. "काम आवडलं तं शेवटी एकदम देतो" म्हणणारे घरमालक पण लई पाहिले, त्यांच्या कामावर बाबा सगळ्यात नवीन पोरं पाठवायचे 😀

दुसरं म्हणजे मजूर कुठचे आहेत ते विचारून घ्या. बरेच लोकं भंडारा-गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडचे असते. होळीला गावाला जाते, आणि पाऊस पडला का धानाच्या रोवणीला जाते, तेव्हा तुम्ही डबल रोजी दिली तरी थांबत नाही, घरची शेती आहे. यावर्षीची होळी झाली का काम सुरू करा म्हणजे मधात खंड नाही.

आणि उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला सुरू करू द्या, बारा ते चार थांबू द्या, मग संध्याकाळी करतील. दुपारी गच्चीवर काम करून घेण्यात काही फायदा नाही, माणूस पण पडते आणि काम पण खराब होते.

चांगला मिस्त्री ओळखायचा तं त्याची पिशवी पहा. ओळंबा, गुनिया, लेव्हल पाइप, दोरी आहे का. जो नुसत्या थापीवर येते तो अंदाजानं करते. काम चालू असताना एक बादली पाणी बाथरूमच्या चारी कोपऱ्यांत ओता, सगळं जाळीकडं गेलं पाहिजे, कोपऱ्यात डबकं राहिलं तं तेव्हाच सांगा, टाइलच्या फटीत ग्राउट भरल्यावर नाही. नाणं घेऊन टाइल ठोका, पोकळ वाजली तं खाली मसाला नाही. व्हिट्रिफाइड टाइल असन तं अ‍ॅडेसिव्हच वापरा, ती टाइल पाणी शोषतच नाही, अर्धा टक्का पण नाही, तिला नुसतं सिमेंट धरत नाही, भिंतीवरची तं नक्कीच सुटते.


संत्राबर्फी

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार सगळ्यांचे. काका, तुमचं वाचून बाबांना विचारलं, ओल दोन ठिकाणी आहे, एक छत-भिंतीच्या सांध्यात आणि एक खिडकीखाली, आणि हो, खिडकीखालची मे मध्ये पण असते 🙈 कूलर तिथेच आहे.

आता नवीन भानगड. आत्याच्या दिरांचा मुलगा इंटिरियरची कामं घेतो, आत्याचा आग्रह आहे की घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला. बाबा तर तयारच झालेत. मुलगा चांगला आहे पण त्याच्याशी कागद वगैरे कसा करायचा, आत्याला वाईट वाटेल. आणि इलेक्ट्रिशियनचं कोणीच सांगितलं नाही.


तर्रीपोहे

घरचा माणूस म्हणजे काम बिघडलं तं पैसे पण गेले आणि दिवाळीचा फराळ पण गेला 😂 आमच्या घरी कोणाचंही लग्न असो, अजून दोन काका एकमेकांशी बोलत नाही, कारण काय तं मॉड्युलर किचन.


लोखंडीतवा

माझं मत थोडं वेगळं. नात्यातला आहे म्हणून देऊ नका आणि नात्यातला आहे म्हणून कापू पण नका. त्याला तीच यादी द्या जी बाकीच्यांना देताय. आत्याला सांगायचं की घराच्या कामासाठी बँकेला कोटेशन दाखवावं लागतं, नाहीतर यांच्या ऑफिसात लागतं, काहीतरी सांगा. त्याने नीट लिहून दिलं तर तोच बरा, निदान घर माहीत आहे. नाही दिलं तर तुमची सुटका आपोआप झाली. आणि बोलणी नवऱ्याने करू द्या, भाचीने केली की ती "शहाणी" ठरते.


अर्थिंगवाला

इलेक्ट्रिकलचं मी सांगतो, लाइनमध्येच आहे. हे काम मिस्त्रीच्या ठेक्यात अजिबात टाकू नका. तो ओळखीच्या पोराला आणतो आणि वायर किती स्क्वेअर एमएमची टाकली ते तुम्हाला कधीच कळत नाही, भिंतीत गेली की संपलं. महाराष्ट्रात वायरमनला परवाना आणि ठेकेदाराला लायसन्स असतं, ते बघायला मागा, आणि त्याच्याकडूनच करा. एसीमुळे तुम्हाला महावितरणकडे लोड वाढवावा लागेल, तेव्हा लायसन्सधारी ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच, मग आधीच तसा माणूस का नको.

वायर साधारण अशी, दिवे-पंख्यांना १.५, मोठ्या सॉकेटला २.५, एसीला ४ स्क्वेअर एमएम, आणि एसी न गीझरची लाइन डीबीपासून (घरातल्या मेन बोर्डापासून) स्वतंत्र. आयएसआय शिक्का वायरवरच छापलेला असतो, बंडलच्या खोक्यावर नाही तर वायरवर वाचा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पाहिजेच, त्यावर पैसे वाचवू नका. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बातम्या वाचताच तुम्ही. ओल्या फरशीवर उभं राहून, कूलर चालू ठेवून पाणी भरायचं आणि बॉडीला अर्थिंग नाही. १९९६ च्या घरात अर्थिंगचा खड्डा असेलही, पण तो आज काम करतो का हे मीटर लावूनच कळतं. इलेक्ट्रिशियनला म्हणा अर्थ रेझिस्टन्स मोजून आकडा लिहून दे. जो म्हणेल "अर्थिंग आहे ना ताई, हिरवी वायर दिसतेय" त्याला चहा पाजून पाठवा.


झिरोमाईल

कागदाबद्दल. घाबरण्यासारखं काही नसतं, वकील पण लागत नाही एवढ्या कामाला. कामाची यादी, मटेरियलचा ग्रेड, माप कसं धरायचं (रंगाच्या मापात दारं-खिडक्या वजा होणार की नाही हे आधीच लिहा, सगळ्यात जास्त भांडण तिथे होतं), पैसे कुठल्या टप्प्यावर किती, किती दिवसांत, आणि शेवटचे दहा टक्के पहिल्या चांगल्या पावसानंतर. दोघांच्या सह्या, आधारची झेरॉक्स, झालं. पैसे यूपीआयने द्या, रोख दिलेच तर वहीत सही घ्या. मध्येच बदल केला, म्हणजे "इथे अजून एक पॉइंट काढा" वगैरे, तर त्याचा भाव तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून "ओके" घ्या. वाढीव कामाचं बिल शेवटी येतं तेव्हा दोघांनाही काही आठवत नसतं.

एवढं असलं की पुढे बिनसलं तरी दाद मागता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून करता येते, मुदत दोन वर्षं. पण तिथे पण पहिला प्रश्न हाच येणार की ठरलं काय होतं, दाखवा.


संत्राबर्फी

लोखंडीतवा ताई, बँकेचं कारण चाललं 😄 आत्याच्या दिरांच्या मुलाने कोटेशन दिलंय, व्यवस्थित दोन पानी, किचन त्याला देतोय. गच्ची न बाथरूमसाठी मागच्या लेनमधल्या एकांकडे २०२३ मध्ये काम केलेले मिस्त्री मिळालेत, त्यांची गच्ची बघून आले, कोरडी आहे. ते आले तेव्हा खिशातून छोटी हातोडी काढून गच्ची ठोकतच फिरले. म्हणतात जुना कोबा अर्धाच काढू, पाइपाकडचा, बाकीचा घट्ट आहे, खर्च वाचेल. काका, असं चालतं का? की पूर्णच काढून घेऊ?


निवृत्त_ओव्हरसियर

ठोकून सांगितलं असेल तर माणूस बरा दिसतो. त्याला म्हणा तुमच्यासमोर पुन्हा ठोक आणि जिथे भद्द आवाज येतो तिथे खडूने घेर काढ. घेर एका बाजूला असतील तर अर्धा काढायला हरकत नाही, फक्त जुन्या-नव्याचा सांधा पाणी उतरतं त्या वाटेत येऊ देऊ नका आणि सांध्यावर जाळी टाकून कोटिंग दोन्हीकडे फूटभर न्यायला सांगा. घेर गच्चीभर विखुरलेले असतील तर पूर्ण काढा. काढून झाल्यावर नवीन घालायच्या आधी उघड्या स्लॅबवर स्वतः एक नजर टाका, सळ्या गंजून वर आलेल्या दिसल्या तर काम थांबवून इंजिनीअरला बोलवा. फोडताना ब्रेकर मशिन लावू देऊ नका, छिन्नी-हातोड्यानेच, स्लॅब जुना आहे. आणि गच्चीखालच्या बेडरूमचा पंखा आधी उतरवून ठेवा.